आजारपणाचे १६ दिवस बिनपगारी लावले. ठेकेदार म्हणतो ईएसआय (राज्य कामगार विमा) देईल, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा. पैसे नक्की मागायचे कोणाकडे?

भिवंडीकर_७

धाकटा भाऊ भिवंडीत एका गोदामात डिस्पॅचला आहे, जून २०२४ पासून. गोदाम कंपनीचं, पण भरती ठेकेदारामार्फत. एका पाळीत साठेक माणसं असतात. पगार महिना १८,००० रुपये, स्लिपवर ईएसआयचे १३५ रुपये दर महिन्याला कापलेले दिसतात.

त्याला टायफॉइड झाला. ३ ते १८ फेब्रुवारी कामावर नव्हता. त्यात ६ ते ९ खासगी रुग्णालयात दाखल होता, ११ तारखेपासून ईएसआयच्या डॉक्टरांकडे. त्यांनी ११ ते १८ चं सर्टिफिकेट दिलंय, शेवटी फिटनेसही. त्याआधीचे कागद सगळे खासगी.

फेब्रुवारीच्या पगारातून ११,०७७ रुपये कापले. ठेकेदाराचं म्हणणं, 'ईएसआय आहे ना, तिकडून घ्या.' कंपनीचा एचआर म्हणतो, 'तो आमचा माणूसच नाही, आणि खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही.' आता वर ठेकेदार सांगतोय की राजीनामा लिहून दे, नव्याने जॉइन करून घेतो.

कोणाचं खरं? आणि सुरुवात कुठून करायची?

---

हजेरीपट

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच माणूस या दारातून त्या दारात फिरत राहतो. आधी एक कागद घ्या आणि ३ ते १८ तारखा एकाखाली एक लिहा. प्रत्येक तारखेपुढे तो दिवस कोणाच्या खात्यातला ते मांडा. 'सोळा दिवसांचा पगार द्या' अशी एकच मागणी एकाच ठिकाणी केलीत, तर कुठेही गेलात तरी नकारच येईल.

ईएसआयमध्ये असलेल्या माणसाचे आजारपणाचे पैसे मालक देत नाही, ईएसआय चालवणारं महामंडळ देतं. रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, आणि लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (लाभ मिळण्याचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. इथपर्यंत ठेकेदार बरोबर आहे. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस महामंडळ देत नाही. अपवाद एकच: आधीच्या ज्या आजारपणाचे पैसे मिळाले, ते संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आलं तर हे दोन दिवस कापत नाहीत. तुमच्या भावाच्या बाबतीत ३ आणि ४ फेब्रुवारी हे ते दोन दिवस. ते मालकाकडून रजेत घ्यायचे.

गोदाम कारखान्यात मोडत नसेल तर त्याला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो, आणि त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा भरपगारी आहेत. त्या तिमाहीला दोन अशा जमा होतात. जानेवारी ते मार्चच्या दोन, आणि नेमके दोनच दिवस उघडे पडतात. जानेवारीत वापरल्या नसतील तर ३ आणि ४ तारखेला त्या लावायला सांगा, लेखी.

५ ते १८ हे १४ दिवस महामंडळाचे. हिशोब असा: फेब्रुवारीतलं आजारपण १ जानेवारी ते ३० जूनच्या लाभ कालावधीत येतं आणि त्यासाठी मागचा १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणी कालावधी बघतात. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. सहा महिन्यांचा पगार १,०८,०००. १८३ दिवसांनी भागलं तर रोजचे ५९०, त्याचे ७० टक्के म्हणजे ४१३. चौदा दिवसांचे ५,७८० च्या आसपास. ठेकेदार वर्गणी भरताना महिन्याचे २६ दिवस दाखवत असेल तर भागाकार २६ ने होतो आणि रोजचे ४८५ येतात. म्हणून आधी उमंग अ‍ॅपवर किंवा ईएसआयच्या विमाधारक लॉगिनमध्ये जाऊन 'कॉन्ट्रिब्युशन हिस्ट्री' उघडा. महिना, दिवस, पगार, असे तीन रकाने दिसतील. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता खरी अडचण ५ ते १० तारखांची आहे. ईएसआय डॉक्टरचं सर्टिफिकेट ११ पासूनचं. महामंडळाने फक्त तेवढंच धरलं तर त्यांच्या लेखी आजारपण ११ ला सुरू होतं, मग ११ आणि १२ हे दोन दिवस कोरडे जातात आणि हातात उरतात १३ ते १८ चे सहाच दिवस, म्हणजे २,४८० च्या आसपास. निम्म्याहून जास्त रक्कम इथे गळते. तर दाव्यासोबत खासगी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, टायफॉइडच्या तपासणीचा (विडाल किंवा ब्लड कल्चर) रिपोर्ट, औषधांची बिलं, आणि ३ तारखेचा पहिला केस पेपर जोडा आणि शाखा व्यवस्थापकाला वेगळा अर्ज द्या की ३ ते १० या काळासाठी हा पर्यायी पुरावा ग्राह्य धरावा. तशी तरतूद आहे. प्रकरण त्यांच्या वैद्यकीय पंचाकडे जातं. दाखल असल्याचा कागद असेल तर बाजू भक्कम असते. नुसत्या 'बेड रेस्ट' लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र फार भिस्त ठेवू नका.

---

भागाकार२६

वरचं सगळं मान्य. मी फक्त त्या ११,०७७ कडे बोट दाखवतो, कारण तो आकडा चुकीचा आहे आणि कोणी बघत नाही.

१८,००० भागिले २६ म्हणजे ६९२.३०. गुणिले १६ म्हणजे ११,०७७. म्हणजे एका दिवसाचा पगार काढताना त्यांनी रविवार वगळून २६ धरले, आणि कापताना ८ आणि १५ तारखेचे रविवार आत घेतले. दोन्ही एकदम चालत नाही. २६ ने भागायचं तर गैरहजर कामाचे दिवस १४, कपात ९,६९२. दिनदर्शिकेचे २८ दिवस धरायचे तर १६ दिवस कापा, पण मग ती १०,२८६ होते. कुठल्याही पद्धतीने ११,०७७ येत नाही.

किरकोळ रजेचे दोन दिवस धरले तर २६ च्या पद्धतीने कपात बारा दिवसांचीच, ८,३०८. म्हणजे मालकाकडून येणं २,७६९ रुपये, हा आकडा अर्जात जसाच्या तसा लिहा. 'पगार कमी दिला' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

आणखी एक. मार्चचं मस्टर बंद होण्याआधी फेब्रुवारीच्या हजेरीची प्रत मागा. कधीकधी ठेकेदार तक्रार येणार दिसली की मागच्या तारखेने सगळे दिवस अर्जित रजा म्हणून दाखवतो. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या दिवसाचा भरपगारी रजेचा पगार मिळाला, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ महामंडळ देत नाही. शिल्लक रजा जाते आणि दावाही फेटाळला जातो. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते, ती इथे जाळण्यात अर्थ नाही. अर्थात हातात पैसाच नसेल आणि पूर्ण पगार लगेच हवा असेल तर तो ज्याचा त्याने ठरवायचा भाग. पण ते ठरवायचं कामगाराने, ठेकेदाराने नाही.

---

सडेतोड

एवढा कागदी घोळ कशाला? वकिलाची नोटीस ठोका कंपनीला आणि पोलिसात तक्रार द्या. दोन दिवसांत पैसे येतात.

---

हजेरीपट

@सडेतोड, २,७६९ रुपयांसाठी नोटिशीची फी कोण भरणार? आणि पगार कमी दिला एवढ्यावर पोलीस हा दिवाणी किंवा कामगार खात्याचा मामला म्हणून परत पाठवतात, बरोबरच आहे त्यांचं. पोलिसांचा विषय एकाच ठिकाणी येतो: पगारातून ईएसआयची वर्गणी कापली आणि भरलीच नाही तर. तो विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो. तिथेही महामंडळाकडे तक्रार आधी, पोलीस नंतर.

---

भिवंडीकर_७

धन्यवाद, खूपच कामाचं. उमंगवर बघितलं. एप्रिल ते जुलै २०२५ दिसतंय, दिवस ३०, ३१ असेच पूर्ण. ऑगस्ट आणि सप्टेंबर कोरे. ऑक्टोबरपासून पुन्हा दिसतंय. स्लिपवर मात्र त्या दोन महिन्यांतही १३५ कापलेले आहेत. म्हणजे दावा गेला का?

---

हजेरीपट

नाही गेला. एप्रिल ते जुलै मिळून १२२ दिवस होतात, हवे होते ७८. सरासरीवरही फरक पडत नाही, कारण जेवढे दिवस दिसतात तेवढ्यांचाच पगार वर आणि तेवढेच दिवस खाली. चार महिन्यांचे ७२,००० भागिले १२२, पुन्हा ५९०.

पण त्या दोन महिन्यांची तक्रार सोडू नका. एक तर २७० रुपये त्याच्या पगारातून गेलेत. दुसरं, मालकाचा स्वतःचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ५८५, तोही भरलेला नाही. आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे गोदामवाल्या कंपनीची असते. 'तो आमचा माणूस नाही' हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही. स्लिपा आणि बँक पासबुकाची पानं घेऊन शाखा कार्यालयात लेखी द्या, प्रत उपप्रादेशिक कार्यालयाला. त्यांचा सामाजिक सुरक्षा अधिकारी जाऊन रजिस्टर तपासतो. मालकाने वर्गणी बुडवल्यामुळे कामगाराचा लाभ अडत असेल, तर महामंडळाला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते.

ऑक्टोबर ते मार्चवरही नजर ठेवा. जुलै ते डिसेंबरच्या लाभाला तेच दिवस लागणार, आणि बिनपगारी दिवसांची वर्गणी पडत नाही.

---

खिडकी_क्र_३

दाव्याची कामं कशी अडकतात तेवढं लिहिते.

सर्टिफिकेट फॉर्म ७ वर मिळतं, दावा फॉर्म ९ वर. आता दावा विमाधारक लॉगिनमधूनही करता येतो, पण आधी आधार जोडलेलं आणि बँक खातं नोंदवलेलं हवं. नावातली फोड सगळ्यात जास्त नडते. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, ईएसआयला नुसतं नाव-आडनाव, बँकेत तिसरंच काहीतरी. हे दावा टाकण्याआधी दुरुस्त करून घ्या. मालकाच्या लॉगिनमधून करायची दुरुस्ती ठेकेदार महिनोन् महिने लांबवतो, म्हणून तीही लेखी मागा.

दावा आला की शाखा मालकाला फॉर्म १० पाठवते. या माणसाने या तारखांना काम केलं का, पगार घेतला का, एवढाच प्रश्न असतो. इथे ठेकेदार दोन प्रकारे घोळ घालतो. एक तर उत्तरच देत नाही. किंवा '३ ते १८ रजेवर' एवढंच लिहितो, बिनपगारी की भरपगारी ते लिहीत नाही. मग फाइल पडून राहते. उपाय साधा आहे. फेब्रुवारीची स्लिप, जिच्यात कपात दिसते, ती आधीच दाव्याला जोडा आणि शाखा व्यवस्थापकाला अर्ज द्या की मालक उत्तर देत नसल्यास कार्यालयाने स्वतः पडताळणी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर घरी येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

रविवारबद्दल: लाभ सर्टिफिकेटमधल्या सगळ्या दिवसांचा असतो, रविवारसकट. फक्त त्या दिवसाचा पगार मिळालेला नसावा. वर भागाकार२६ यांनी मांडलेल्या पद्धतीत रविवारचा वेगळा पगार नाही, त्यामुळे ८ आणि १५ धरले जायला हवेत. फॉर्म १० मध्ये ठेकेदाराने ते 'पगारी सुट्टी' लिहिले तर दोन दिवस कापले जातील, तेवढं बघा.

राजीनाम्याबद्दल कोणी बोललंच नाही. अजिबात लिहून देऊ नका. प्रमाणित आजारपणाच्या काळात कामगाराला काढता येत नाही, त्या काळात दिलेली नोटीसही टिकत नाही, हे ठेकेदाराला पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो राजीनामा मागतो. नव्याने जॉइनिंग दाखवलं की जून २०२४ पासूनची सलग नोकरी तुटते, अर्जित रजेसाठी लागणारे २४० दिवस पुन्हा शून्यापासून, ग्रॅच्युइटीचा काळही तसाच. त्यात ठेकेदाराने नवा आयपी नंबर (ईएसआयचा विमाधारक क्रमांक) काढला तर आणखी वाईट, कारण नव्या विमाधारकाला आजारपणाचा रोख लाभ पहिल्या नऊ महिन्यांनंतरच सुरू होतो. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पैसे नाहीत. आयपी नंबर आयुष्यभर एकच असतो. दुसरा काढू देऊ नका.

---

भिवंडीकर_७

मालकाला द्यायच्या अर्जाचा मसुदा कोणी देईल का? मराठीत चालतो ना?

---

भागाकार२६

मराठीत चालतो, धावतो. दोन पत्ते वर घाला, ठेकेदाराचा आणि कंपनीचाही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते, म्हणून कंपनीला पहिल्या दिवसापासून कागदावर घ्या.

'मी आपल्या आस्थापनेत (गोदामाचा पत्ता) जून २०२४ पासून डिस्पॅच विभागात काम करतो. आयपी क्रमांक अमुक. दि. ३ ते १८ फेब्रुवारी या काळात टायफॉइडमुळे गैरहजर होतो. वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत. माझ्या फेब्रुवारीच्या वेतनातून रु. ११,०७७ कपात केली आहे. रोजचे वेतन २६ दिवसांवर काढून कपात मात्र दोन रविवार धरून १६ दिवसांची केली आहे. दि. ३ व ४ साठी माझ्या खात्यावरील दोन किरकोळ रजा मंजूर कराव्यात. त्यानुसार कपात १२ दिवसांची, रु. ८,३०८ होते. फरकाचे रु. २,७६९ सात दिवसांत बँक खात्यात जमा करावेत. दि. ५ ते १८ साठी राज्य कामगार विमा महामंडळाकडे दावा केला आहे. फॉर्म १० मध्ये हे दिवस विनावेतन असल्याची नोंद करून तो वेळेत पाठवावा. ऑगस्ट व सप्टेंबर २०२५ ची वर्गणी माझ्या वेतनातून कापली असून खात्यावर दिसत नाही, तिचा भरणा केल्याचे चलन द्यावे.'

बस. रागाचं वाक्य एकही नको. 'न दिल्यास कायदेशीर कारवाई' ही ओळ हवी तर घाला, नसली तरी बिघडत नाही. अर्ज द्यायच्या आधी त्याच मजकुराचा फोटो सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट. आणि भावाने दोन रजा जानेवारीत खरंच वापरल्या नाहीत ना, ते एकदा विचारून घ्या. अर्जात एक चूक सापडली की बाकीचं खरंही संशयात जातं.

सात दिवसांत काही झालं नाही तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, तिच्यात दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, कामगाराला स्वतः किंवा युनियनमार्फत. वेतन दिलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि दाव्याच्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. २,७६९ च्या तक्रारीला हसणारा ठेकेदार हे ऐकून हसायचा थांबतो. केंद्राच्या समाधान पोर्टलवर वेळ घालवू नका, ते केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी आहे. राज्यासाठी आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकता येते. महामंडळाविरुद्धची तक्रार सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर.

अर्जात कलमांचे नंबर लिहायच्या फंदात पडू नका. जुने कायदे संहितांमध्ये गेल्यामुळे नेटवर मिळणारे बहुतेक मसुदे जुन्या नंबरांचे आहेत. तारखा आणि आकडे चोख असले की पुरे.

---

चष्मिस्ट

मध्येच विचारते. माझा पगार २७,०००, ईएसआय नाही. खासगी ऑफिस. तिथे आजारी पडलं की हे सगळं नाहीच का?

---

खिडकी_क्र_३

ईएसआयची मर्यादा २१,००० आहे (दिव्यांगांना २५,०००), तेव्हा तो मार्ग नाही. मात्र पगार वर्गणी कालावधीच्या मध्येच २१,००० च्या वर गेला असेल तर तो कालावधी संपेपर्यंत वर्गणी चालू राहते आणि पुढच्या लाभ कालावधीतही दावा करता येतो. पगारवाढ अलीकडची असेल तर हे तपासा, एचआर आपणहून सांगत नाही.

नाहीतर तुमच्याकडे तीन गोष्टी: वर्षाच्या ८ किरकोळ रजा, आदल्या वर्षी २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, आणि नेमणूकपत्रात किंवा रजेच्या धोरणात वेगळी आजारपणाची रजा लिहिली असेल तर ती. दुकाने कायद्यात 'आजारपणाची रजा' असं वेगळं खातंच नाही, त्यामुळे धोरणात काय लिहिलंय यावर बरंच ठरतं. धोरणाची पीडीएफ आजच स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. वाद सुरू झाला की आधी ऑफिसचं लॉगिन बंद होतं. व्यवस्थापकीय पदावर असाल तर हा कायदा लागू होत नाही, मग फक्त करारावर भिस्त.

---

चष्मिस्ट

व्यवस्थापकीय नाही, पण व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलंय.

---

हजेरीपट

कार्डावरच्या नावाने ठरत नाही, कामावरून ठरतं. कोणाची रजा मंजूर करता का, कोणाला कामावर घेण्या-काढण्यात तुमची सही लागते का? नसेल तर कामाचं स्वरूप दाखवणारे चार-पाच मेल बाजूला काढून ठेवा. कंपनी पहिला आक्षेप यावरच घेते.